अप्पा गोड बोलू लागले

"तुमचं बरोबर आहे, रणजितराव," असं माझे सासरे मला म्हणाले, तेव्हा घरातली सगळी माणसं समोर बसली होती आणि एकालाही डॉक्टरांना फोन करावासा वाटला नाही.

विषय रस्त्याचा होता. बिबवेवाडीतल्या आमच्या घरून सदाशिव पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटवर येताना मी स्वारगेट टाळून मित्रमंडळ चौकातून आलो, एवढंच मी सांगितलं होतं. लग्न झाल्यापासून मी त्याच रस्त्याने येतो आणि लग्न झाल्यापासून अप्पा त्यावर बोलतात. "आज काय वर्ध्याला जायचं होतं का?" हे त्यातलं सौम्य. मी मूळचा वर्ध्याचा. नोकरीपायी पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली की वर्ध्यात आता मला पुण्याचा म्हणतात. अप्पांच्या लेखी मात्र मी अजून पुणे स्टेशनाबाहेर बॅग घेऊन उभा आहे आणि रिक्षावाला मला फसवतो आहे.

त्या दिवशी ते हसले. मान हलवून म्हणाले, "तोच रस्ता चांगला." आणि माझ्या बशीत आपण होऊन आणखी एक वडी ठेवली. मला ती वडी उतरेना.

अप्पा म्हणजे दत्तप्रसाद खांबेटे, निवृत्त जीवशास्त्र शिक्षक. निवृत्तीनंतर माणसं हास्यक्लबात जातात. अप्पांना हसणाऱ्या माणसांचा राग असल्यामुळे त्यांनी 'मस्तकस्वातंत्र्य नागरिक मंच' काढला. हेल्मेटच्या सक्तीला पुण्यात विरोध पुष्कळ, पण तो सगळा भावनिक: मान दुखते, घाम येतो, ऐकू येत नाही. अप्पांचा विरोध शास्त्रीय होता. ते व्यासपीठावर उभे राहत आणि वर्गात सांगायचे तसं सांगत.

"निसर्गाने मेंदू उघड्यावर टाकलेला नाही. वर कवटी. कवटीच्या आत तीन आवरणं. बाहेरची दृढतानिका, चामड्यासारखी चिवट. मधली जालतानिका, कोळ्याच्या जाळ्यासारखी. आतली मृदुतानिका, ओल्या कापडासारखी मेंदूच्या प्रत्येक घडीला चिकटलेली. आतल्या दोघींच्या मध्ये पाणी, म्हणजे मेंदू तरंगतोय. रक्त पोचवायला चार धमन्या, दोन पुढून, दोन मागून, आणि तळाशी त्या चौघींना जोडणारं वर्तुळ. एक तुंबली तर दुसरीकडून पुरवठा. पुण्याला रिंगरोड अजून मिळायचाय, मेंदूला तो पहिल्यापासून आहे. एवढी सोय ज्याने केली, त्याला हेल्मेट सुचलं नसतं?"

इथे टाळ्या पडत. टाळ्या वाजवणारे सगळे उघड्या डोक्याने आलेले असत आणि जिवंत पोचलेले असत, त्यामुळे मुद्दा तिथल्या तिथे सिद्धही होई.

त्यांच्या पंचाहत्तरीला मी त्यांना हेल्मेट भेट दिलं होतं. चांगलं, जड. त्यांनी खोकं उघडलं, हेल्मेट उलटं करून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "वा. कुंडी छान आहे." नंतर ते कुठे गेलं, ते मी विचारलं नाही.

तर वडीनंतर हा गोडवा वाढत गेला. वर्तमानपत्रातल्या चुकांवर लाल पेनाने खुणा करून संपादकांना फोन करणं बंद झालं. खालचे भाडेकरू त्यांच्या स्कूटरच्या जागेत स्वतःची गाडी लावत, अप्पांनी आपली स्कूटर बाहेर रस्त्यावर हलवली आणि वर त्यांना म्हणाले, "असू दे, तुम्हाला लांब पडतं." भाडेकरू घाबरून घर बदलायच्या गोष्टी करू लागले. दुपारची झोप सकाळी सुरू होऊ लागली. मधूनच ते कपाळ चोळायचे. एकदा जिना चढून वर आले तेव्हा डाव्या पायातली चप्पल खालच्या मजल्यावर राहिली होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

"दीपा," मी बायकोला म्हणालो, "तुझ्या वडिलांना काहीतरी होतंय."

"काय होतंय? वय झालं की माणूस निवळतो."

"माणूस निवळतो. तुझे वडील कसे निवळतील?"

"तुला ना, टोमणे खाऊन खाऊन सवय लागलीय. दोन शब्द बरे बोलले तर पचत नाहीत." मग जरा थांबून म्हणाली, "काल मला फोनवर 'सावकाश जा हं' म्हणाले. लहानपणापासून म्हणाले नव्हते. तू यात काही काढू नकोस, रणजित."

तरी मी त्यांना फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. सोबत सासूबाई, म्हणजे सत्यशीलाबाई, होत्या; मी त्यांना आईच म्हणतो. डॉक्टर पेठेतले जुने, अप्पांच्या जिभेला भिऊन त्यांना नेहमी नंबर न लावता आत घेणारे. त्यांनी रक्तदाब पाहिला, डोळ्यांत बॅटरी मारली.

"कुठे पडला-बिडला होतात? डोक्याला काही लागलं?"

"छे," अप्पा म्हणाले.

"नाही हो," आई म्हणाल्या.

त्या दोघांचं कशावर तरी इतक्या चटकन एकमत झालेलं मी प्रथमच ऐकत होतो. डॉक्टरांनी बी-ट्वेल्वची इंजेक्शनं लिहून दिली. बाहेर पडताना अप्पा त्यांना "तुमचे उपकार आहेत" म्हणाले. डॉक्टर दारापर्यंत पोचवायला आले, आणि आम्ही जिना उतरेपर्यंत तिथेच उभे होते. त्यांनाही कुठेतरी खटकलं असावं, पण उपकार मानणाऱ्या पेशंटला काय झालंय म्हणून तपासायचं, हा प्रश्न वैद्यकशास्त्रात बसत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मंचाची जाहीर सभा होती. या वेळी वाहतूक शाखेच्या एका इन्स्पेक्टरसाहेबांना चर्चेला बोलावलं होतं. बोलावलं म्हणजे खायला बोलावलं होतं, फाडून खायला. हॉल गच्च भरला होता. मंचाचे कार्यवाह सीताराम गद्रे दारात उभे राहून लोकांना सांगत होते, "पुढे बसा, आज सर सोडणार नाहीत त्यांना." मी, दीपा आणि आई दुसऱ्या रांगेत बसलो.

अप्पा उभे राहिले. टेबलाला हात टेकून उभे राहिले, हे मी पाहिलं. एरवी ते हात मागे बांधून उभे राहतात.

"निसर्गाने मेंदू उघड्यावर टाकलेला नाही," ते म्हणाले. "वर कवटी. आत तीन आवरणं. बाहेरची दृढतानिका. चिवट. मधली..."

ते थांबले.

"मधली..."

लोकांना वाटलं, सर परिणामासाठी थांबलेत.

"मधली ती... कोळी असतो ना," अप्पांनी उजव्या हाताची बोटं हवेत फिरवली, जाळं विणल्यासारखी, "तो जे करतो... त्याची..." आणि ते हसले. चुकलेल्या मुलाने मास्तरांकडे पाहून हसावं, तसं. तीस-पस्तीस वर्षं हा माणूस डोळे मिटून ती आकृती फळ्यावर काढत आला होता.

"जालतानिका, सर!" मागून कुणीतरी ओरडलं. त्यांचा जुना विद्यार्थी असणार. आवाजात उत्तर येत असल्याचा आनंद होता.

इन्स्पेक्टर भला माणूस होता. तो म्हणाला, "सर, राहू द्या. आवरणं किती, हा तुमचा विषय. आम्ही फक्त ती रस्त्यावर पडलेली बघतो. म्हणून म्हणतो, घालत जा."

गद्र्यांनी पुढे सरकून हातांची घडी घातली. आता सर बोलणार. अप्पा इन्स्पेक्टरकडे वळले.

"साहेब, तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "घालायला पाहिजे."

पुढचा काही वेळ हॉलमध्ये जे झालं त्याला पेठेत 'नापसंती' म्हणतात. "सर, काय बोलताय!" हा गद्र्यांचा आवाज. "राजीनामा द्या!" हा मागचा. "किती मिळाले?" हा खिडकीकडचा. अप्पांनी प्रत्येकाकडे वळून पाहिलं. राजीनामा मागणाऱ्याला म्हणाले, "तुमचंही बरोबर आहे." खिडकीकडच्याला म्हणाले, "बसा ना, उभे का?"

मी पुढे गेलो आणि त्यांना व्यासपीठावरून खाली आणलं. दारातून बाहेर पडताना त्यांचा डावा खांदा चौकटीवर आपटला. दार चांगलं लग्नाची वरात जाईल एवढं रुंद होतं.

गद्रे मागोमाग आले. "रणजितराव, सरांनी मंचाचा घात केला आज."

"गद्रे, ते आजारी आहेत."

"आजारी? तो इन्स्पेक्टर म्हणतोय, आज पहिल्यांदाच शुद्धीवर वाटले!"

मी अप्पांना रिक्षात बसवलं. त्यांचा डावा हात मांडीवर तळवा वर करून पडला होता, दुसऱ्या कुणाचा तरी विसरून राहिल्यासारखा. मी आईंना बाजूला घेतलं.

"आई, खरं सांगा. डोक्याला काही लागलं होतं का?"

त्यांनी रिक्षाकडे पाहिलं. अप्पा रिक्षावाल्याला त्याच्या मुलांच्या शिक्षणाबद्दल विचारत होते.

"त्यांनी शपथ घातलीय मला."

"आई."

"हेल्मेट पडलं," त्या म्हणाल्या.

"कुणाचं?"

"तुम्ही दिलेलं." त्यांनी पदर सारखा केला. "स्वयंपाकघरात वर फळीवर ठेवलं होतं. लसूण ठेवते मी त्यात. हवा खेळती राहते, कोंब येत नाहीत. ते वरून डबा काढायला गेले आणि ते सगळं आलं खाली डोक्यावर."

"लसणाने काय होतंय, आई!" दीपा म्हणाली. ती मागे येऊन उभी राहिली होती.

"लसणाने नाही गं. खलबत्ता पण त्यातच असतो. लसूण तिथे म्हणून खलबत्ता तिथे. हाताशी बरं पडतं."

दीपाने भिंतीला हात टेकला.

"टेंगूळ आलं होतं. बर्फ लावला. दोन दिवसांत बसलंसुद्धा. मला म्हणाले, बाहेर बोललीस तर बघ. माझं डोकं फुटलं हे कुणी ऐकणार नाही, मंचाच्या अध्यक्षाच्या घरात हेल्मेट सापडलं, एवढंच गावभर होईल."

"कधीची गोष्ट?"

"तुम्हाला वडी दिली ना, त्याच्या आधीची."

"आणि त्यांची ती रक्त पातळ करायची गोळी? हृदयात स्टेंट घातल्यापासूनची?"

"चालू आहे की," आई म्हणाल्या. "मीच देते रोज. एक दिवस चुकवलेली नाही."

हॉस्पिटलात स्कॅन झाला. न्यूरोसर्जन म्हणून ज्या आल्या त्या डॉक्टर शेफाली आमच्या मुलीपेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी पडद्यावर अप्पांचा मेंदू दाखवला. उजव्या बाजूला कवटीच्या आतून एक करडी कोर लागली होती, चतुर्थीच्या चंद्राला फुगवल्यासारखी. तिने मेंदू पलीकडे ढकलला होता. मधली रेघ सरळ असते म्हणे. अप्पांची वाकली होती. आयुष्यात कुणापुढे न वाकलेल्या माणसाची रेघ वाकलेली पाहून मला बसावंसं वाटलं, पण खुर्ची एकच होती आणि तिच्यावर आई होत्या.

"वय वाढतं तसा मेंदू जरा आकसतो," डॉक्टर म्हणाल्या. "कवटी आकसत नाही. मग मेंदूवरून बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या ज्या बारीक शिरा असतात, त्या ताणल्या जातात. थोडा मार लागला तरी एखादी तुटते. रक्त धो धो येत नाही. नळ नीट बंद केला नाही की कसा ठिबकतो, तसं. पण गोळी चालू होती, म्हणून ठिबकणं थांबलं नाही. बाहेरच्या आणि मधल्या आवरणाच्या मध्ये साठत गेलं."

"डावा हात..." मी म्हणालो.

"उजव्या बाजूला दाब, म्हणून डावा हात-पाय. स्वभावात फरक पडला होता का?"

"गोड झाले होते," दीपा म्हणाली.

"आधी कसे होते?"

बापाबद्दल परक्या बाईला काय आणि किती सांगावं, याचा हिशेब दीपाच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"आधी बरे होते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. कवटीला दोन भोकं पाडून साठलेलं काढायचं. गोळीचा परिणाम रक्तात अजून आहे, त्यामुळे ऑपरेशनमध्ये रक्तस्राव होऊ शकतो. त्यासाठी प्लेटलेट्स देणार. पण थांबण्यात धोका जास्त. आज झोपाळू आहेत, उद्या उठवून उठणार नाहीत.

मग त्या अप्पांच्या खाटेपाशी वाकल्या. "आजोबा, डोक्याला छोटं ऑपरेशन करायचंय. दोन भोकं पाडावी लागतील. चालेल ना?"

"तुम्ही म्हणाल तसं, बाळ," अप्पा म्हणाले.

मला खरी भीती वाटली ती तेव्हा. हा माणूस न्हाव्याशी भांगावरून भांडतो. हापूसची पेटी घेताना फळवाल्याकडून झाडाची माहिती काढतो. तोच आता आपली कवटी एका अनोळखी मुलीच्या हाती देत होता आणि वर तिची चौकशी करत होता, "जेवलात का तुम्ही?"

संध्याकाळी त्यांना आत नेलं. आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो. दीपा देवाचं काही म्हणत होती. मध्येच चुकायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मी दारावरच्या लाल दिव्याकडे पाहत होतो. तो विझला की बरं की वाईट, हे विचारायचं राहून गेलं होतं.

गद्र्यांचा फोन आला. "रणजितराव, सरांचा राजीनामा लेखी हवाय. कार्यकारिणी बसलीय."

"अध्यक्षांच्या डोक्याला भोकं पाडतायत, गद्रे. जरा थांबता का?"

"अरे बाप रे. कशामुळे पण?"

मी आईंकडे पाहिलं. त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"गद्रे भावोजी, हेल्मेटमुळे," आई म्हणाल्या. "हो. आमच्याच घरातलं. डोक्यावर पडलं. नाही, घालत नव्हते ते, मी लसूण ठेवत होते. आता तुम्हाला सगळ्या पेठेत काय सांगायचं ते सांगा."

गद्र्यांनी काही क्षण विचार केला असावा. फोनमधून त्यांचा आवाज मलाही ऐकू आला, "म्हणजे वहिनी, आपण इतकी वर्षं जे म्हणतोय, तेच झालं की! हेल्मेट जीवघेणं आहे!" त्याच आठवड्यात मंचाने पत्रक काढलं: हेल्मेटमुळे ज्येष्ठ नागरिक अत्यवस्थ, अध्यक्षांवरील विश्वास कायम. ज्या लाजेपायी हा माणूस मरणाच्या दारात गेला, ती लाज पेठेला वाटलीच नाही.

आईंनी फोन परत दिला आणि बराच वेळ हातातल्या पिशवीचे बंद गुंडाळत बसल्या.

"शपथेमुळे गप्प नव्हते हो मी," त्या म्हणाल्या.

दीपाचं म्हणणं थांबलं.

"लग्नाला पन्नास वर्षं होत आली. माझ्याशी बोलताना ते पेपरातून वर बघत नाहीत. त्या आठवड्यात पेपर खाली ठेवला आणि मला विचारलं, तुझे गुडघे कसे आहेत. मला गुडघे आहेत हे त्यांना माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं." त्यांनी बंद सोडला, परत गुंडाळला. "मला कळत होतं काहीतरी बिघडलंय. चप्पल पायातून जाते ते कळत नाही, म्हणजे काय बरं असतं का? पण रोज काहीतरी एक चांगलं बोलायचे. म्हटलं, अजून दोन दिवस. मग सांगू रणजितरावांना. ते दोन दिवस झाले की मी परत म्हणायचे, अजून दोन."

"आई..." दीपा म्हणाली. त्या बाकावर तरी कुणाकडे असं काही नव्हतं जे त्यांना सुनावता येईल.

"ते मेले तर मी मारलं," आई म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात, डाळ संपलीय म्हणतात तसं. "ते गोड बोलत होते म्हणून."

लाल दिवा विझला. आम्ही उठून उभे राहिलो. डॉक्टर शेफाली टोपी काढत बाहेर आल्या.

"झालं. बऱ्यापैकी दाबाखाली होतं. इंजिनाच्या जुन्या तेलासारखं काळं निघालं. मेंदू परत जागेवर यायला लागलाय. थोडा वेळ लागेल, पण चांगलं आहे."

दीपा रडायला लागली. आई डॉक्टरांच्या जवळ गेल्या.

"सगळं काढलंत?"

"हो काकू, काळजी करू नका. सगळं काढलं."

"सगळंच?" आई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला आत सोडलं. डोक्याला पांढरं बँडेज, त्यातून निघालेली नळी, खाटेला लटकलेली पिशवी. डॉक्टर त्यांना विचारत होत्या, "आजोबा, आज वार कोणता?"

"तुमच्याकडे कॅलेंडर नाही का?" अप्पा म्हणाले. आवाज बारीक होता, पण धार होती. "एवढी बिलं करता, एक घ्या की."

डॉक्टर वळून नर्सला म्हणाल्या, "ओरिएंटेड आहेत. पूर्ण भानावर."

घरी सोडताना त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं. दहातल्या एकाला हे पुन्हा साठू शकतं. डोकं दुखणं, झोपाळूपणा, तोल जाणं, स्वभावात बदल, यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही.

"स्वभावात म्हणजे," आईंनी विचारलं, "गोड बोलले तर?"

डॉक्टर जरा घोटाळल्या. "आधी बोलत नसतील तर... हो. आणायचं."

तेव्हापासून आमच्या घरात चांगला शब्द हा धोक्याचा झाला. दीपा रोज ऑफिसातून फोन करते, "आई, आज काय म्हणाले?" "मला म्हणाले, तुझ्या डोक्यात लसूणच भरलाय." "बरं झालं," दीपा म्हणते आणि निवांत होऊन कामाला लागते. मी मित्रमंडळ चौकातून गेलो की अप्पा मला वर्ध्याची गाडी चुकली का विचारतात आणि मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानतो. भाडेकरूंशी पार्किंगवरून भांडण झालं, त्या दिवशी आईंनी शिरा केला.

तरी रात्रंदिवस एक कान तिकडेच असतो. अप्पा काही न बोलता बसले की दीपा त्यांना मुद्दाम डिवचते. वर्तमानपत्रात चूक सापडली नाही, तर मी शोधून पुढे करतो.

मागच्या रविवारी दुपारी आम्ही जेवायला तिथेच होतो. आई नेहमीसारख्या आत-बाहेर करत वाढत होत्या. पोळी आणायला निघाल्या, तेव्हा अप्पा म्हणाले, "अगं, बस तू आता. मी घेतो वाढून."

आईंची पावलं थांबली. दीपाने घास खाली ठेवला. मी टेबलाखाली वाकून त्यांचा डावा पाय पाहिला. चप्पल घरात घालत नसल्यामुळे त्यावरून काही कळेना.

"अप्पा," दीपा हळूच म्हणाली, "आज वार कोणता?"

अप्पांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं.

"डोकं दुखतंय का?" मी विचारलं.

"आत्ता दुखायला लागलं," ते म्हणाले. "बायकोला बस म्हटलं तर लगेच ड्रिल काढणार आहात का?"

त्यांनी डाव्या हाताने आमटीचं पातेलं जवळ ओढलं, पळी बुडवली आणि वाटीकडे नेली. निम्मी वाटीत पडली, निम्मी टेबलावर. हातात जोर नाही म्हणून, की जन्मात कधी स्वतः वाढून घेतलं नाही म्हणून, हे सांगायला स्कॅनच हवा होता.

दीपाने माझ्याकडे पाहिलं. मी फोन उचलला आणि डॉक्टर शेफालींचा नंबर काढला.

आई खुर्चीवर बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर ठेवून, पाहुण्या म्हणून आल्यासारख्या.

"थांबा जरा, रणजितराव," त्या म्हणाल्या. "त्यांना अजून एक पळी घेऊ दे."